न उघडता काढून टाकले

दूरसंपर्क केंद्रात शैलजा बिवलकरच्या खोलीला सगळे पोस्ट ऑफिस म्हणत. दारावर पाटी होती खासगी संदेश विभाग, पण पाटी वाचतो कोण? सेरेस या बटुग्रहावरच्या ठाण्यात चार माणसं राहत होती. त्यांना घरून, शेजारून, शाळांतून आणि कुठून कुठून येणारे ईमेल वर पोचवायचे, एवढंच त्या खोलीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पृथ्वी ते सेरेस ही वाट फार चिंचोळी होती. यंत्रांची, हवेची, इंधनाची माहिती जाऊन उरलेल्या जागेत खासगी टपालाच्या वाट्याला यायचे माणशी दिवसाला दोन एमबी. आपलं टपाल तेवढ्यात का बसवायचं, हे लोकांना समजावताना शैलजाच्या नाकी नऊ यायचे.

कोणाचा मामेभाऊ रोज गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवायचा. कोणाच्या सोसायटीने सत्कारसमारंभाचा चाळीस एमबीचा व्हिडिओ धाडला होता. एका शाळेने तर तिसरीच्या पाचही तुकड्यांची चित्रं पाठवली, प्रत्येकात सेरेस वेगळ्या रंगाचा. या गर्दीत ठाण्यावरच्या डॉक्टरांच्या बायकोचं पत्र तेरा दिवस अडकून पडलं. नात झाली, तिचं बारसं झालं, आणि मग आजोबांना कळलं. त्यांनी वरून चार ओळींची तक्रार पाठवली. तक्रारीची भाषा सभ्य होती, म्हणून ती शैलजाला जास्त झोंबली, आणि तिने टपालाला चाळणी लावायचं ठरवलं.

चाळणीचे नियम तिने आठवडाभर बसून लिहिले आणि वाहिन्यांचा अभियंता इरफान तांबोळी याच्यासमोर ठेवले. पहिला नियम आकाराचा. ठरावीक मापापेक्षा जड संदेश पृथ्वीवरच थांबेल आणि वर फक्त तो आल्याची चिठ्ठी जाईल. यावर इरफानचं काही म्हणणं नव्हतं. दुसरा नियम नकोशा टपालाचा होता, आणि तिथे तो अडला.

“नको कुठलं, हे ठरवणार कोण?” त्याने विचारलं. “आपल्याला तर आत डोकावायची परवानगी नाही.”

ती खरोखरच नव्हती. मागच्या मोहिमेत एका कर्मचाऱ्याने कोणाच्या तरी घटस्फोटाचं पत्र वाचलं होतं आणि ते कर्णोपकर्णी झालं होतं. तेव्हापासून नियम कडक होता. विभागाला दिसायचं फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता, मजकुराचा आकार, पोचल्याची वेळ आणि पुढे त्याचं काय झालं ते. विषयाची ओळसुद्धा झाकलेली असायची.

“ज्याचं टपाल तोच ठरवेल,” शैलजा म्हणाली. “एकाच पत्त्यावरून आलेले वीस संदेश माणसाने न उघडता काढून टाकले, तर एकविसावा त्याला नको आहे. त्याला विचारायचीही गरज नाही, त्याचा हात सांगतोय. आणि ज्यात मजकूरच नाही, नुसता रिकामा संदेश, तो दोनदा मोजायचा. चुकून बटण दाबलेलं असतं ते.”

“उघडलं नाही म्हणजे नको, हे कशावरून?”

“तुमच्या घरी हवं असलेलं पाकीट आलं, तर ते तुम्ही फोडल्याशिवाय टाकता का?”

इरफानने डोकं खाजवलं. मग त्याने सही केली. अडवलेला पत्ता पुन्हा सोडायचा असेल तर ज्याचं टपाल त्याची संमती घ्यावी, एवढी एक ओळ मात्र त्याने जोडायला लावली. शैलजाने ती आनंदाने जोडली.

चाळणीने मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी अभ्यासल्या आणि पहिल्याच दिवशी चारशे सात पत्ते बंद केले. वाट अशी मोकळी झाली की डॉक्टरांना नातीचा फोटो त्याच दिवशी मिळायला लागला. त्यांचं आभाराचं पत्र आलं. शैलजाने ते छापून भिंतीवर लावलं. कधी नव्हे ते कौतुक झालं होतं, लावणारच.

याला सात आठवडे होऊन गेले. एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकावरून फोन आला की सुदाम भांगऱ्यांच्या आई आल्या आहेत आणि पोस्टमास्तरांना भेटायचं म्हणतात.

सुदाम भांगरे म्हणजे ठाण्यावरचा खोदकामाचा अभियंता. त्याच दिवशी सेरेसवरून परतीची अवकाशकुपी सुटणार होती. तिच्यात जागा दोन. एक डॉक्टरांची, दुसरी सुदामला हवी असेल तर त्याची, नाहीतर ती भूगर्भतज्ज्ञ बाईंना मिळायची. त्यानंतरची कुपी सव्वीस महिन्यांनी. आपल्या घड्याळाने दुपारी पाऊण वाजता दार बंद होणार होतं.

हिराबाई भांगरे आत आल्या. सत्तरीच्या, काटक, पायात जाड तळाच्या चपला, हातात कापडी पिशवी. अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं होतं. पहाटेची एसटी धरून त्या इथवर आल्या होत्या. शैलजाने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं, आणि पहिल्यांदा तिच्या टेबलावरचे संगणकाचे पडदे नीट न्याहाळले.

“माझी कार्डं पोचत नाहीत का हो बाई?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. त्या लेकाला रोज एक कार्ड लिहायच्या, म्हणजे ईमेल, पण त्या कार्डच म्हणायच्या. पाच आठवड्यांपूर्वी सुदामने विचारलं होतं, आई, परत येऊ की राहू, तू म्हणशील तसं करीन. त्यांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं. मग त्याचं आलं, तुझं काहीच येत नाही, रागावलीस का? त्यांनी पुन्हा टाकलं. पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून जातात हे त्यांना ठाऊक होतं. ओढ्याला पाणी आलं की महिना महिना टपाल पलीकडे अडकलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि शेवटी ते पोचतंच हेही पाहिलं होतं. दुसरी कोणी असती तर पहिल्याच आठवड्यात फोन करून केंद्र डोक्यावर घेतलं असतं. हिराबाईंचा टपालावर विश्वास होता, म्हणून त्या थांबल्या. काल त्याचं शेवटचं आलं. त्यात होतं, तुझं उत्तर नाही, म्हणजे मी राहावं असंच तुझ्या मनात असणार, तसंच धरून चालतो.

“तुम्ही काय लिहिलं होतं, मावशी?” विचारायचा अधिकार नव्हता, तरी शैलजाने विचारलं.

“ये म्हणून. दुसरं काय लिहिणार?” हिराबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, दीड वर्ष दिसेल, फार तर. कुपीला यायला चौदा महिने लागतात ना? मी मोजलंय. त्याच्या पुढच्या खेपेला आला तर आवाज ऐकू येईल, तोंड दिसायचं नाही. मला त्याला एकदा बघायचंय.”

त्यांनी हे बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. शैलजाने नोंदी उघडल्या. पत्ता सापडला. त्यापुढे लाल अक्षरात ‘बंद’. चाळणी लागण्याआधीच्या तीन महिन्यांत ब्याण्णव संदेश, ब्याण्णवच्या ब्याण्णव न उघडता काढून टाकलेले. मजकुराचा आकार प्रत्येक वेळी शून्य.

“तुम्ही रिकामे संदेश पाठवता?” तिने विचारलं.

“रिकामे कशाला पाठवीन?” हिराबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि दाखवला. त्यांचं बोट विषयाच्या ओळीवर होतं. सगळं पत्र त्या एका ओळीत, सरळ पुढे पुढे लिहीत नेलेलं. खाली मजकुराच्या जागी काही नाही. “वरच लिहायचं. आलं की दिसतं, उघडायला नको. दमून आलेल्या माणसाला फोडाफोडीचं काम कशाला लावायचं?”

शैलजाने मोबाइल परत दिला. घरी येणारं हवं ते टपाल पाकिटातच येतं, हे तिने धरलं होतं. जन्मभर कार्डं वाटलेली बाई तिच्या हिशेबातच नव्हती.

बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. संदेश सेरेसला पोचायला पंचवीस मिनिटं, उत्तर यायला पंचवीस. पत्ता सोडायचा तर सुदामची संमती हवी. ती मागवून, येऊन, मग कार्ड वर जाईपर्यंत दार बंद झालं असतं. ठाण्याच्या कामकाजाच्या वाहिनीवरून निरोप द्यावा म्हणून इरफान संचालकांकडे धावला. ते म्हणाले, कुपी सुटेपर्यंत त्या वाहिनीवर खासगी अक्षरही जाणार नाही. शैलजा म्हणाली, मग मीच माझ्या नावाने लिहिते. हिराबाई नको म्हणाल्या. कोणी यावं आणि कोणी राहावं यात केंद्राचाही मतलब असतो, तेव्हा केंद्राच्या माणसाने सांगितलेला आईचा निरोप पोरगा खरा मानायचा नाही.

शेवटी इरफानलाच सुचलं. चाळणी माणूस ओळखत नाही, पत्ता ओळखते. हिराबाईंच्या नावाने नवा पत्ता उघडला तर त्यावर काळा डाग नसेल. फक्त खाली चार शब्द हवेत, म्हणजे संदेश रिकामा ठरणार नाही.

“पण अनोळखी पत्ता बघून त्याने कचरा समजला तर?” शैलजा म्हणाली.

“पपईपासून सुरुवात करते,” हिराबाई म्हणाल्या. “मोरीजवळच्या पपईला किती लागल्यात, ते पहिलं लिहिते मी रोज. तो ओळखेल.”

शैलजाने त्यांना खुर्ची दिली आणि नियमाप्रमाणे तोंड भिंतीकडे केलं. हिराबाईंनी सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं. मग म्हणाल्या, “वर संपलं. खाली काय लिहू?” काहीही लिहा, असं शैलजाने सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून खाली पत्ता घातला. सुदाम लक्ष्मण भांगरे, मुक्काम सेरेस. कार्डावर तो लागतोच.

अकरा पन्नासला संदेश सुटला. चाळणीने तो अडवला नाही. सव्वाबाराला तो पोचणार, आणि पोचपावती इकडे यायला बारा चाळीस. इरफानने चहा मागवला, तो कोणी प्यायला नाही. हिराबाई भिंतीवरचं डॉक्टरांचं पत्र चष्मा वर-खाली करत वाचत बसल्या.

बारा चाळीसला पडद्यावर ‘पोचले’ आलं. बारा बावन्नला खाली दुसरी ओळ उमटली.

न उघडता काढून टाकले.

शैलजाने ती दोनदा वाचली. इरफानने मान खाली घातली. सात आठवड्यांनी घरून काही आल्यावर कोणीही ते उघडेल, अशी तिची खात्री होती. न उघडता टाकलं, म्हणजे अनोळखी पत्ता पाहून त्याने इतर कचऱ्याबरोबर फेकून दिलं असणार. आता दुसरं पाठवायला वेळ नव्हता. या बाईला हे सांगायचं कसं, ते तिला कळेना. शेवटी तिने जसं होतं तसं सांगून टाकलं.

हिराबाईंनी शांतपणे विचारलं, “आल्या आल्या टाकलं?”

“नाही. बारा मिनिटांनी.”

“मग वाचलं त्याने.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “तो माझं कार्ड वहीत उतरवून घेतो. उतरवलं की पुसतो, उद्याच्याला जागा हवी म्हणून. त्यानेच कळवलं होतं. उतरवायला एरवी एवढा वेळ लागत नाही, आज लागला.” त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. “थांबून थांबून लिहिलं असेल.”

शैलजाने जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. पोचल्याची वेळ आणि काढून टाकल्याची वेळ, दोन्ही रकाने पहिल्यापासून तिथेच होते. गुलाबाची फुलं एका सेकंदात गेली होती. सत्कारसमारंभ दोन सेकंदांत. आणि हिराबाईंची ब्याण्णव कार्डं, तीन मिनिटं, चार मिनिटं, एकदा सहा. चाळणीला तिने हा फरक कधी विचारलाच नव्हता.

एक दहाला कामकाजाच्या वाहिनीवर कुपीतल्या प्रवाशांची यादी उतरली. इरफानने ती मोठ्याने वाचली. पहिलं नाव डॉक्टरांचं, दुसरं भांगरे. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. शैलजाही रडली, आणि तिने ते लपवलं नाही.

मग हिराबाईंनी डोळे पुसले आणि अकोल्याची एसटी कितीला आहे ते विचारलं. इरफान त्यांना स्टँडवर सोडायला निघाला. शैलजा एकटी राहिली, तेव्हा पडद्यावर चाळणीने आपलं रोजचं काम केलेलं दिसलं. नव्या पत्त्यापुढे पहिली खूण पडली होती, ‘नको, एक’. तिने भिंतीवरचं आभाराचं पत्र काढून खणात ठेवलं आणि दुसरा नियम पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला.