निरोगी माणसाचं रक्त

केतन पहिल्यांदा भेटला तो शिडीवर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लॅबचा बिघडलेला एसी दुरुस्त करायला तो आला होता आणि मी खालून त्याच्यावर ओरडत होते. तापमान जरा हललं तरी माझा सेन्सर भलतंच काही सांगायचा.

"मॅडम, एवढं नाजूक काय बनवताय?"

सांगितलं. सोन्याचा पातळ थर, त्यावर लेझरचा प्रकाश. रक्तातलं कॅन्सरचं प्रथिन थराला चिकटलं की परतणारा प्रकाश किंचित बदलतो. ते प्रथिन कणभर असलं तरी मला दिसायला हवं होतं. पण त्याआधी शून्य ठरवायला निरोगी माणसाचं रक्त हवं...

"माझं घ्या ना! एकदम झकास आहे."

मग तो दर शनिवारी यायचा. सिस्टरने सुई टोचली की माझ्याकडे बघत राहायचा, चहाला रेंगाळायचा. 'मॅडम'ची 'श्रुतिका' कधी झाली, कळलंच नाही. मी शनिवारची वाट बघते, हे मात्र त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

सेन्सर छळत होता. सोन्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा अणुभर जाडीचा, पापुद्रा चढवून मी तो आणखी संवेदनशील केला आणि नेमका तेव्हापासून तो शून्यावर येईना. थर बदलले, लेझर बदलला.

"तुझं रक्तच वांड आहे रे!"

"मालकावर गेलंय," तो म्हणाला.

शेवटी वैतागून मी माझं रक्त घातलं. स्क्रीनवरची रेघ निमूट शून्यावर बसली. सिस्टरचं घातलं, तेही शून्य. केतनचं पुन्हा घातलं... आणि रेघ पुन्हा शून्यावरून वर चढली. सेन्सर बिघडलेला नव्हताच.

शनिवारी तो बाही सरसावत आला.

"आज काढायचं नाही," म्हणत मी रडत-रडत सगळं सांगितलं. "हॉस्पिटलात नीट तपासून घेऊ. मी येणार सोबत. आणि... मला आवडतोस तू. खूप."

तो बाहीचं बटण लावत राहिला. लागेना. मी लावून दिलं.

"म्हणजे मशीन चाललं ना तुझं?"

"केतन..."

"सांग ना गं. चाललं?"

मी मान डोलावली. तो हसायला गेला, पण जमलं नाही त्याला.

सोमवारी हॉस्पिटलात सुई टोचली तेव्हा तो सवयीने माझ्याकडेच बघत होता. त्याचा हात घट्ट धरून मी गावच्या देवीला विनवत होते — माझं मशीन खोटं ठरू दे.