आतली दुमड

सकाळच्या फेरीला डॉक्टरीणबाई येत, तेव्हा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर पत्नीच्या उशाशी बसलेले असत. ती जन्मभर शिवणकाम करीत आली होती. आता मेंदूच्या विकाराने वाचा आणि समज दोन्ही हरपली होती. हात चादरीवर निश्चेष्ट पडून असत. बाई तिला काकू म्हणत.

त्याच विकारावरील नव्या औषधाचे संशोधन बाई करीत होत्या. त्याचा लाभ काकूंना होण्याची आशा थोडी, पुढच्या रुग्णांना अधिक, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मास्तरांची सही हवी होती. पण तुमची इच्छा काय, असे बाईंनी विचारलेच नाही. काकूंना बोलता आले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, एवढेच विचारले.

"आमच्या घरात तिच्या वतीनं बोलायची माझी कधी छाती झाली नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सावकाश सांगितले, की कुणाच्या उपयोगी पडायला ती नाही म्हणाली नसती. मात्र कापडाला कात्री लावण्यापूर्वी ती गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा विचारीत असे.

बाईंनी ते शिरोधार्य मानले. सुई हाती घेण्यापूर्वी त्या रोज वाकून विचारीत, "काकू, रक्त घेऊ का?" आणि उत्तर येणारच आहे अशा आदराने थांबत. परिचारिका गालात हसत. मास्तरांना मात्र त्या थांबण्यापुढे हात जोडावेसे वाटत.

एके सकाळी काकूंची बाही कोपरापर्यंत वर गेलेली दिसली. आपण हात लावला नाही, असे परिचारिका म्हणाली. दुमड आतल्या अंगाला होती. दोरे दिसू नयेत म्हणून पत्नी तशीच दुमड घाली, आणि ती नीट बसावी म्हणून अंगठा जिभेला लावून ओला दाब देई. मास्तरांनी त्या दुमडीवरून हलकेच बोट फिरवले. पुढे रोजच बाही तशी वर असे.

मग एके दिवशी ती मनगटापर्यंत खाली आलेली होती. बटण लावलेले. कड आत दुमडलेली.

बाईंनी सुई ठेवून दिली. त्यांचे वरिष्ठ चिडले. एक रुग्ण गळला तर सारी मेहनत लंगडी पडणार होती. "यजमानांची सही आहे ना? बाहीचं काय घेऊन बसलात!"

"सही त्यांची आहे, सर. हात काकूंचा आहे."

त्याच दिवशी त्यांनी काकूंना संशोधनातून मोकळे केले. पुढे लवकरच एका पहाटे काकू शांतपणे गेल्या.

मास्तर काकूंची शाल आणि चष्मा पिशवीत भरीत होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या. तिथला वृद्ध रस्त्यावर सापडलेला, कुणीही नातलग नसलेला. त्याच्या वतीने रुग्णालयाच्या समितीने होकार दिला होता. आल्यापासून त्याचे बोटही हलले नव्हते.

"बाबा, रक्त घेऊ का?"

बाई थांबल्या. मास्तरांनी सहज मान वळवली.

वृद्धाची बाही मनगटापर्यंत खाली होती. बटण लावलेले. कड आत दुमडलेली.

बाईंनी सुई तबकात परत ठेवली.

मास्तर जवळ गेले, वाकले. दुमडीवर अंगठ्याएवढा ओला डाग होता. अजून वाळायचा होता.