वारूळवाडीचा विसराळू प्रोसेसर

"माणूस विसरतो, यंत्र कधीच विसरत नाही!" टोमॅटोच्या गराच्या कारखान्याचं उद्घाटन करताना गोकुळशेठनी वारूळवाडीला असं ठणकावून सांगितलं होतं. दसऱ्याच्या सकाळी यंत्र सगळं विसरून बसलं. कुठली मोटर कधी फिरवायची, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, काही म्हणजे काही आठवेना.

यंत्रांची बिघडलेली कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करणारी प्रज्ञा जुन्नरहून धावत आली. दारात टोमॅटोचे क्रेट उन्हात नरम पडत होते. आत इलेक्ट्रिशियन उमर स्टुलावर बसला होता आणि शेजारी हवालदार.

"ह्यानंच प्रोग्रॅम पुसला," शेठ म्हणाले. "परवा पॅनेल ह्यानंच उघडलं व्हतं."

"फ्यूज बदलायला, ताई," उमर म्हणाला. "पण माझं ऐकतंय कोण?"

प्रज्ञा हवालदाराकडे वळली. "साहेब, जरा थांबाल?"

"थांबतो. पण तक्रार हाय, न्यावं लागंल," हवालदार म्हणाला.

प्रज्ञानं पॅनेल उघडलं. झेंडूची माळ, हळदकुंकू. यंत्राचा मेंदू असलेल्या प्रोसेसरच्या तोंडावर किल्लीचा खटका 'रन'वर होता. दिव्यांच्या रांगेत एका जागी लाल टिकली.

"ह्या खटक्याची किल्ली कुणाकडं?"

"माझ्याच कमरेला," शेठ म्हणाले. "आंघोळीला पण काढत न्हाई."

"काल मशीन बंद होती?"

"खंडेनवमी ना! पूजा केली, मेन स्विच पाडला. वर्षातून एक रात्र तिलाबी इसावा नको?"

"उमरभाऊ, आत कधी लाल दिवा दिसला?"

"मागल्या महिन्यात. शेठला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दिवा गेला. म्हटलं, बॅटरी बदलली असंल."

प्रज्ञानं नखानं टिकली उचलली. खाली लाल दिवा जळत होता.

शेठ माळेतल्या झेंडूकडे बघू लागले.

"खटका 'रन'वर असला की बाहेरून कुणालाच प्रोग्रॅम बदलता येत नाही, पुसताही येत नाही," प्रज्ञा म्हणाली. "आणि किल्ली तुमच्या कमरेला. म्हणजे उमरभाऊ सुटले. वीज गेली की प्रोग्रॅम धरून ठेवते ती आतली छोटी बॅटरी. ती मरत आलीय म्हणून हा दिवा ओरडत होता. त्याचं तोंड कुणीतरी दाबलं आणि मग त्याच माणसानं रात्रभर वीज बंद ठेवली. कोण, शेठ?"

"पॅनेलच्या काचेतनं लाल दिवा बघून गिऱ्हाईक बिचकतं वो," शेठ पुटपुटले. "मला काय ठाऊक, ती टिकली एवढी महाग पडंल?"

"प्रोग्रॅमची कॉपी?"

"लिहिणारा दुबईला गेला. फोन उचलत न्हाई."

"मग मी काहीच करू शकत नाही. सगळं नव्यानं लिहावं लागेल, महिना जाईल."

हवालदार उठला. "शेठ, आता तक्रार कुणाच्या नावानं लिहू?" बाहेर एक क्रेट आपोआप खचला.

उमर स्टुलावरून उठला, घसा खाकरला.

"शेठ, सडणारच हायेत, तर किलोभर टोमॅटो घेऊ का? बायकोनं सकाळीच सांगितलं व्हतं, आणायचे राहिले."