कुलूप नसलेल्या किल्ल्या

पायाशी

ओस्वेन मालकीण कबरीत निजली होती. पायाशी हेझलच्या बियांनी भरलेलं मडकं. अंगावर लोकरी पांघरूण. फक्त माती लोटायची बाकी होती, तेवढ्यात सून एब्बा म्हणाली, "थांबा. पांघरुणाखाली कमरेशी फुगवटाच नाही. किल्ल्या गेल्या."

जुन्या इंग्लंडात केंटच्या किनाऱ्यावर काही हरवलं की हुन्बुरला बोलावत. धाकट्या भावाच्या, दुद्दाच्या, बैलगाडीतून ती आली. दुद्दाचं सगळं लक्ष मयताच्या जेवणातल्या जवाच्या दारूकडे.

"दासीनंच घेतल्या," ओस्वेनचा मुलगा चेओला म्हणाला. "आईला कपडे हिनंच चढवले. उद्या जहाज येतंय. हिला विकून टाकतो."

दासी, टेट्टा, मालकिणीच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.

कमरेशी

"त्या किल्ल्यांनी काय उघडतं?" हुन्बुरनं विचारलं.

"काही नाही, ताई," एब्बा म्हणाली. छातीवर मधोमध लावलेला ब्रोच तिनं नीट केला. "पितळेच्या, नुसत्या मिरवायच्या. घरची मालकीण कोण, ते चार लोकांना दिसावं म्हणून. कोठाराची खरी, लोखंडी किल्ली ह्यांच्या पट्ट्याला असते. पण पितळी नसतील तर सासूबाई तिकडे परलोकात दासी ठरतील."

"टेट्टा, तू बांधल्यास?"

"बांधल्या. वर पांघरूण घालून ब्रोच लावला. मग मी नि सूनबाई, दोघी चुलीकडे गेलो."

"आणि इथं?"

"मी होतो," चेओला म्हणाला. "मडकं ठेवलं. आईला हातसुद्धा लावला नाही."

खांद्याशी

दुद्दा कबरीत वाकला. "ताई, म्हातारीनं पांघरूण माझ्यासारखंच घेतलंय की. ब्रोच उजव्या खांद्यावर. त्याच्याखाली झग्याचे दोन वेगळे. सोन्याचे, लाल खड्यांचे."

"बैल सोड जा, तुला कुणी..." हुन्बुर थांबली. "परत बोल."

दुद्दा परत बोलला.

"चोराला धातू हवा असता तर सोनं ठेवून पितळ कोणी नेलं असतं?" ती म्हणाली. "म्हणजे हवा होता तो मान. त्यासाठी पांघरूण उघडावं लागलं. लावताना हात सवयीनं गेला. एब्बाचा ब्रोच बघा, टेट्टाच्या पांघरुणाचा काटा बघा. दोन्ही छातीवर. उजव्या खांद्यावर लावतो तो पुरुष. दुद्दा तर आत्ता आला."

सगळ्यांच्या नजरा चेओलाच्या उजव्या खांद्यावर गेल्या.

त्यानं अंगरख्यातून किल्ल्या काढल्या. "एब्बाच्या कमरेला काहीच नाही. लोकांनी हिलाही मालकीण म्हणावं, एवढंच होतं मनात."

"आणि त्यापायी टेट्टाला जहाजात घालणार होतास? आई ऐकतेय तोवर काय ते बोल."

चेओला आईच्या कबरीकडे वळला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "मी खोटं बोललो. टेट्टा आजपासून कुणाची दासी नाही."

वर

एब्बा कबरीत उतरली. किल्ल्या सासूच्या कमरेला बांधल्या, ब्रोच मधोमध लावला, वर आली आणि नवऱ्यापुढे हात पसरला.

"कुलूप नसलेल्या किल्ल्या घेऊन मी काय करू? कोठाराची द्या."

चेओलानं पट्ट्याची लोखंडी किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

टेट्टानं पहिली ओंजळभर माती टाकली. हात झटकले. "मालकीण," ती एब्बाला म्हणाली, "दारू काढायची का? हा गाडीवाला मघापासून ताटकळलाय."