हात न पोहोचणारी जागा

कासिल्दाने लाकडी चमच्याचा दांडा नवऱ्याच्या सदऱ्यात घातला. "तीन वर्षं झाली या खाजेला, एउतिमियो. पाठ खाजवायला लग्न केलंस का रे माझ्याशी?"

"जरा डावीकडे," एवढंच तो म्हणाला. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, स्वतःचा हात जाता जात नाही अशा ठिकाणी, ओरबाडून ओरबाडून तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. मलमांच्या डब्यांनी फडताळ भरलं, पण गुण काही आला नाही.

स्पेनमधल्या त्या कार्मोना गावच्या डॉक्टर लेओकादिया स्पष्टवक्त्या बाई. "कातडीचा दोष नाही. साखर ठीक आहे, नागीणही झालेली नाही. मणक्यापाशी नस दाबली गेलीय. बावीस वर्षं मानेवर येशूची पालखी वाहिलीस, दुसरं काय होणार? यंदा वाहिलीस तर पाय जातील, सांगून ठेवते."

एउतिमियो सुतार माणूस. दुखण्याचं कारण कळल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण पालखीखालची ती जागा त्याच्या वडिलांची होती. गुड फ्रायडेच्या दुपारी तो पालखीखाली शिरलाच.

मखमली पडद्याआड तीस माणसं, घामाचा आणि मेणाचा वास. त्याची रांग शेवटची, पाठीमागे नुसती फळी. डोक्यावर फळ्यांची तक्तपोशी आणि तिच्यावर क्रूस वाहणारा लाकडी येशू. पालखीपुढे चालणाऱ्या मुकादमाने उचलायचा ठोका दिला. तीस माना एकदम वर आल्या.

उतारावर खाज पेटली. दोन्ही हात तुळईला धरलेले. एक जरी काढला तर तोल जाऊन सगळं कोसळणार. आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या.

"थांबवू का रे?" शेजारच्या नार्सिसोने विचारलं.

"नको."

तेवढ्यात कुणीतरी खाजवलं.

हळूच. नेमकं तिथेच.

बोटं गार होती, कडक होती. नार्सिसोचे दोन्ही हात तुळईवरच होते.

एउतिमियोच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. एवढ्या मोठ्या देवाने आपल्या एवढ्याशा दुखण्याची दखल घ्यावी! पायांत बळ आलं. खाज गेली.

संध्याकाळी चर्चमध्ये पालखी टेकली. मूर्तीची वस्त्रं बदलणारे म्हातारे प्राक्सेदेसकाका शिडीवर उभे राहून कापसाने मूर्तीची नखं पुसत होते. कापूस तपकिरी होत होता.

"पाठ कशी आहे?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"बरी आहे, काका. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, जागा सोड."

"सोडू नकोस, पोरा." काकांनी नवा कापूस घेऊन मूर्तीचं पुढचं बोट धरलं. "तुझ्या बापाने सोडली, तेव्हा हा त्याच्या घरी गेला होता."