क्रियापद येईपर्यंत

वेंगुर्ल्याच्या लोकमत वेधशाळेत दुर्बीण नव्हती. तिच्या मुख्य दालनात एका भिंतीवर भारताचा मोठा प्रवृत्ती-नकाशा होता. महासागर संघात राहावे असे ज्या तालुक्यांना वाटे ते नकाशावर हिरवे दिसत, आणि बाहेर पडावे असे वाटे ते गेरूच्या रंगाचे. सार्वमत पुढच्याच महिन्यात होते.

संघात येऊन भारताला बारा वर्षे झाली होती. सागराभोवतीच्या देशांनी बंदरे, वादळांचे इशारे आणि विद्यापीठे एकमेकांना खुली केली होती. पहिली दहा वर्षे नकाशा हिरवा होत गेला. मग कोणाला काही कळण्याआधीच गेरू पसरू लागला.

"मासळीचे भाव," असे वर्तमानपत्रांनी लिहिले. "परकी माणसे फार झाली," असे सभांमधून सांगितले गेले. वेधशाळेच्या संचालिका डॉ. विभावरी नेरूरकर यांना यातले काहीच पटत नव्हते.

"मासळीचे भाव म्हणता, तर गोवा हिरवा कसा?" त्या म्हणाल्या. "तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे गेरू आणि पलीकडे हिरवं. मासा तोच. बंगालला समुद्र आहे, तो हिरवा. तेलंगणाला समुद्रच नाही, तरी तो गेरू."

शेजारी उभे असलेले अंदी रुस्लान इंडोनेशियातल्या मकासार शहराचे. संघाच्या नेमणुकीवर ते वेधशाळेत संख्याशास्त्राचे काम पाहत. ते आपल्या भाषेत बोलत आणि विभावरीबाईंच्या कानातला कर्णदुभाषा ते मराठीत सांगे. वाटाण्याएवढे ते यंत्र आता चष्म्याइतके सामान्य झाले होते.

"आम्हाला काहीतरी दिसत नाहीये, बाई," रुस्लान म्हणाले.

"आम्हाला म्हणजे कोणाला? मकासारवाल्यांना? मला दिसतंय वाटतं?"

रुस्लान गोंधळले. "तुम्हाला आणि मला. दोघांनाही."

"मग 'आपल्याला' म्हणा की."

"तेच तर म्हटलं."

विभावरीबाईंनी कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि हाताने खूण केली, पुन्हा म्हणा. रुस्लाननी वाक्य पुन्हा म्हटले. त्यात एक शब्द होता, 'किता'. मग त्यांच्याही काहीतरी लक्षात आले असावे. त्यांनी बोट स्वतःकडे नेले, दोघांभोवती वर्तुळ काढले आणि म्हणाले, "किता." मग बाईंना वर्तुळाबाहेर ठेवून, "कामी."

विभावरीबाई खुर्चीत बसल्या. यंत्र कानात घालून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही दोन आहेत. ऐकणाऱ्याला धरून एक आणि त्याला वगळून एक."

"आहेतच. आणि आमच्या मकासारात तर मोठ्या माणसाला आदरानं 'तुम्ही' म्हणायलाही किताच म्हणतात."

"अहो, आमच्याकडेही आदरानं 'आपण'च. मग मध्येच हा 'आम्ही' कुठून शिरतो?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होते, पण आजवर कोणी त्याकडे त्या बाजूने पाहिले नव्हते. कर्णदुभाषा एका भाषेतून थेट दुसऱ्या भाषेत जात नसे. प्रत्येक वाक्य आधी एका मध्यसंहितेत जाई, म्हणजे यंत्रासाठी बनवलेल्या एका सामाईक खुणांच्या भाषेत. ती खुणांची भाषा ज्यांनी बांधली त्यांच्या भाषेत या दोन शब्दांसाठी एकच शब्द होता. म्हणून संहितेतही एकच खूण होती.

"त्यामुळे मराठीत उतरताना यंत्राला ठरवावं लागतं, आपण की आम्ही," रुस्लान म्हणाले. "आधी ते नेहमी 'आपण' निवडायचं. ज्यानं बनवलं तो सभ्य गृहस्थ असावा."

"आणि दोन वर्षांपूर्वी संघाच्या अचूकता समितीनं ठरवलं, की यंत्रानं कोणाच्या वतीनं जवळीक दाखवू नये. भारतीय भाषांपुरतं 'आम्ही' करून टाकलं. मला ते परिपत्रक आठवतंय. मी वाचलंसुद्धा नव्हतं नीट."

त्यांनी नकाशाकडे पाहिले. मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू, मलयाळम, जिथे जिथे भाषेत 'आम्ही'चे दोन शब्द होते तिथे तिथे गेरू होता. कोकणीत एकच 'आमी', हिंदीत 'हम', बंगालीत 'आमरा'. तिथे यंत्राला निवड करायची नव्हती आणि नकाशा हिरवाच होता.

"एका शब्दानं एवढं होईल?" रुस्लान म्हणाले.

"एकदा ऐकून नाही होणार. पण मालवणातल्या नर्सला जकार्त्याचा डॉक्टर रोज सांगतो, 'आम्ही या रोग्याला बरं करू.' बंदरावर कोलंबोचा कप्तान म्हणतो, 'आम्ही वादळाच्या आधी पोचू.' चुकीचं काहीच नाही त्यात. फक्त दर वाक्याला ऐकणारा दाराबाहेर राहतो. दोन वर्षं दाराबाहेर राहिल्यावर माणूस म्हणणारच, की मग आम्हाला हवाय कशाला हा संघ."

संघ-विभागाचे सहसचिव सदानंद करमळकर दिल्लीहून आले, तेव्हा त्यांना हे सारे फार आवडले. ते नम्र गृहस्थ होते. सरकारी पत्रांत आयुष्य गेल्याने त्यांची तोंडची भाषाही तशीच झाली होती.

"आपण बसा, रुस्लानसाहेब," ते म्हणाले. "आपण दोघांनी मोठं काम केलंत. आम्ही आजच आदेश काढतो. यंत्र पूर्वीसारखं 'आपण'वर आणायचं. गाजावाजा नको. महिन्याभरात नकाशा सुधारेल ना?"

"सुधारेल," विभावरीबाई म्हणाल्या. "पण ते पूर्वीचं 'आपण'ही खोटं होतं."

"म्हणजे?"

रुस्लाननी वादळ-इशारा कक्षातली जुनी मूळ ध्वनिमुद्रणे ऐकली होती, यंत्रातून जाण्याआधीची. ते जरा अवघडून म्हणाले, "पहिल्या वर्षांत आमची माणसं सर्रास 'कामी' म्हणत होती. तुम्हाला वगळूनच बोलत होती. इकडे मात्र 'आपण' ऐकू येत होतं. इकडची माणसं खूश होऊन मोकळी बोलू लागली, मदतीला धावू लागली. त्यामुळे आमची माणसंही बदलली. आता ती बहुतेक वेळा 'किता'च म्हणतात. खरोखरचं. आणि नेमकं आता ते इकडे 'आम्ही' होऊन पोचतंय."

करमळकर हसले. "मग तर झालंच. यंत्राचं खोटं खरं ठरलं. आता तिकडे 'किता', इकडे 'आपण'. अडचण कुठे आहे?"

"आपण फक्त येणारं ऐकलंत," विभावरीबाई म्हणाल्या. "जाणारं ऐकलं नाहीत. समितीनं बदल फक्त आपल्या बाजूला केला. मकासारच्या बाजूला यंत्र अजून सगळ्याचं 'किता'च करतं. म्हणून मी माझीच जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली." त्या थांबल्या. "दोन वर्षं मी रुस्लानसाहेबांशी 'आम्ही' म्हणून बोलते आहे. 'आम्ही अहवाल पाठवू', 'आम्ही बघू'. त्यांच्याकडून तेच ऐकत होते, तेच परत देत होते. त्यांच्या कानात मात्र 'किता'. त्यांना पत्ताच नव्हता."

रुस्लान नकाशाकडे बघत राहिले. त्यांना हे कालच कळले होते.

"आम्ही संहितेत दुसरी खूण घातली आहे," विभावरीबाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःला दुरुस्त केले, "म्हणजे रुस्लानसाहेबांनी आणि मी. जो जे म्हणेल ते तसंच पोचेल. आत्ता फक्त रुस्लानसाहेबांच्या कानात तशी व्यवस्था आहे. आपण बोलून बघा त्यांच्याशी."

"काय बोलू?" करमळकरांनी रुस्लानकडे वळून मनापासून म्हटले, "रुस्लानसाहेब, आम्ही आपल्याला कधी परकं मानलं नाही."

रुस्लानच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच राहिले, पण डोळ्यांतून गेले. ते म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं आपल्या प्रत्येक भेटीत हे वाक्य मी ऐकतो आहे. त्यात मीही असायचो."

करमळकरांनी उगाच चष्मा पुसला. आपले वाक्य त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिले असावे. ते वाईट वाक्य नव्हते. चांगल्या मनाने रचलेले होते आणि दार लावून घेऊन म्हटलेले होते.

"हे सगळ्यांच्या कानात घातलंत," ते हळूच म्हणाले, "तर इकडचे बरे होतील आणि तिकडचे दुखावतील. मग तेही पुन्हा 'कामी' म्हणू लागतील आणि ते इकडे तसंच ऐकू येईल. सार्वमत हरलो तर वेधशाळा बंद, रुस्लानसाहेब परत. आदेशावर सही माझी लागेल."

"माझी मुलगी तेनरी इथल्या शाळेत आहे," रुस्लान म्हणाले. "खो-खो खेळते. त्या संघातून तरी तिला काढू नका." कोणी हसले नाही, तसे ते म्हणाले, "पण बाई म्हणतात ते बरोबर आहे. मला खोटा 'किता' नको."

"आणि लोकांना आधी सांगायचं," विभावरीबाई म्हणाल्या. "की आजपासून यंत्र तुमच्या वतीनं निवड करणार नाही. तुमचा शब्द तुम्हीच निवडा."

"सांगितलंत तर लोक सावध होतील. मुद्दाम 'आपण' म्हणतील."

"म्हणू देत. किंवा मुद्दाम 'आम्ही' म्हणू देत. इतकी वर्षं मी लोकांची मतं मोजते आहे. नकळत निघालेल्या शब्दाला आम्ही खरं मत समजत आलो. आता वाटतं, समोर माणूस आहे हे माहीत असताना विचार करून निवडलेला शब्द, तेच मत. सार्वमतात तरी दुसरं काय विचारणार आहेत?"

करमळकर खिडकीशी गेले. खाली बंदरात मोझांबिकची एक बोट लागत होती आणि धक्क्यावरची माणसे तिचे दोर घेत होती. त्यांची तोंडे हलताना दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. त्या माणसांच्या कानांत या क्षणी काय पोचत असेल, याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता. परत येऊन त्यांनी रुस्लानसमोरची खुर्ची ओढून घेतली.

"आपण..." ते म्हणाले आणि अडखळले.

रुस्लान ऐकत होते. त्यांच्या कानातले यंत्र गप्प होते. 'आपण' एवढ्यावरून त्याला काही ठरवता येत नव्हते, कारण मराठीत त्या शब्दाने आदराने समोरच्यावर काम सोपवताही येते. आपण जाहीर करा, असे म्हणून करमळकर दिल्लीला परत जाऊ शकत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो पत्रांचा शेवट तसाच केला होता. क्रियापद येईपर्यंत यंत्राला, रुस्लानना आणि विभावरीबाईंना थांबणे भाग होते.

"आपण," करमळकर पुन्हा म्हणाले, "हे जाहीर करू."

"किता," रुस्लान म्हणाले. यंत्राला सांगण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.