उबळ कुठे जाते

ठकू झोपली की माझं काम सुरू होतं. काम म्हणजे लोकांचा खोकला ऐकणं.

हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग नाक मुरडतात. जुनाट खोकल्याची माणसं छातीविकार केंद्रात येतात. त्यांच्या कॉलरला छोटा माइक आणि कमरेला रेकॉर्डर लावून त्यांना घरी पाठवतात. ते दिवसभराचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे येतं. संगणक शांत तुकडे काढून टाकतो, पण खोकला कुठला, शिंक कुठली आणि सरकलेली खुर्ची कुठली, हे त्याला धड कळत नाही. ते मी हेडफोन लावून ठरवते. एका हाताने पाळणा हलवत करता येईल अशी दुसरी नोकरी मला मिळाली नसती.

खोकल्याची मला कधी किळस आली नाही. किळस यायची ती त्याच्या मागच्यापुढच्याची. उबळ यायच्या आधी घशात काहीतरी ओलं हलतं. मग खोकला. मग बेडका जिभेवर येतो आणि माणूस क्षणभर थांबतो, थुंकावं की गिळावं. बहुतेक जण गिळतात. हेडफोनमध्ये ते इतकं जवळून ऐकू येतं की वाटतं, आपल्याच घशाखाली गेलं. मी पाणी पिते, तर ते पाणीही बुळबुळीत लागतं.

एक मात्र शिकले. खोकल्याला चेहरा असतो. जुने पेशंट मी त्यांच्या खोकल्यावरून ओळखते, जसं कुणी आपल्या माणसाला पावलांवरून ओळखतं.

घरातही एक खोकला होता. माझ्या सासऱ्यांचा. दार ठोठावल्यासारखे दोन कोरडे ठोके, मग तव्यावरचं करपलेलं खरवडावं तशी लांब ओली खरवड आणि शेवटी नाकातून एक छोटं "हं". बाबा आयुष्यभर वाचनालयात होते. "सगळा जन्म लोकांना शांत बसा म्हणण्यात गेला," ते म्हणायचे, "आता तेच मला म्हणतात." तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. खुर्चीपाशी थुंकायला झाकणाचा मग असायचा. तो धुवायचं काम माझ्याकडे होतं. मी श्वास रोखून, दुसरीकडे बघत धुवायची. तरी तळाशी चिकटलेलं बोटांना कळायचंच.

ठकू वेळेआधी जन्मली. बोटभर पोरगी, छाती चिमणीची. तिला जपायचं म्हणजे खोकल्यापासून जपायचं, असं बाळांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा म्हणाला, बाबांना काही दिवस दादाकडे ठेवू. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग मीच त्यांना केंद्रात नेलं.

त्यांची फुप्फुसं आरशासारखी स्वच्छ निघाली. कुणाला लागावं असं त्यात काही नव्हतं. खोकला छातीत नाही, डोक्यात आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. घशात धुळीचा कण आला तरी आत निरोप जातो. मेंदूत एक दरवान बसलेला असतो. तो बहुतेक निरोप परस्पर परत पाठवतो, आपल्याला कळतही नाही. यांचा दरवान पेंगतोय, जो येईल त्याला आत सोडतोय.

"मग त्याची पेन्शन थांबवा," बाबा म्हणाले.

दरवानाला जागं करायला केंद्रात एक बाई होत्या. मऊ बोलणाऱ्या, बाही मनगटापर्यंत. त्यांच्या खोलीत काचेची एक टाकी होती. तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी नळी, पण मासे नव्हते. बाबांनी सहज विचारलं. बाई म्हणाल्या, होते, राहिले नाहीत.

त्यांची रीत सोपी होती. उबळ वर चढू लागली की ओठ मिटायचे, गिळायचं, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि उबळ उतरेपर्यंत नजर एका वस्तूवर ठेवायची. घरातली, न हलणारी वस्तू. एकदा निवडली की बदलायची नाही. उबळ म्हणजे फक्त ढकलणं, त्या म्हणाल्या, तिला कुठेतरी जाऊ द्यावं लागतं.

बाबांनी कपाटाचं कुलूप निवडलं. कुलपाने काही केलं नाही. ते कुलपाकडे बघत खोकत राहिले. चष्म्यावर शिंतोडे उडायचे, ते मी पुसायची.

एका दुपारी ठकू त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी दारातून पाहिलं. उबळ आली, गळ्याची घाटी वर सरकली. ठकू उठेल म्हणून त्यांनी ओठ मिटले, गिळलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खांदे खाली आले. खोकला आलाच नाही.

इतकं बिनचूक दाबणं मी कुठल्याच मुद्रणात ऐकलं नव्हतं. शहाणपणा माझाच. मीच म्हटलं, बाबा, कुलूप सोडा, हिच्याकडेच बघत जा. बाबांचे डोळे भरून आले. "ही माझी वस्तू," ते म्हणाले आणि तिच्या कपाळावर बोट टेकवलं.

त्यानंतर रोज दुपारी ठकू त्यांच्या मांडीवर आणि मी हेडफोनमध्ये. आठवड्याभरात तो झाकणाचा मग कोरडा राहू लागला. पुढे मी तो फेकूनच दिला. बाबा सलग झोपू लागले, गालांवर तजेला आला. घर इतकं गप्प झालं की नवरा एकदा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, घरातलं कुणीतरी कमी झाल्यासारखं वाटतंय.

ठकूच्या घशात घरघर सुरू झाली ती त्याच सुमारास. डॉक्टरांनी छाती तपासली, साफ होती. बाळांच्या घशात दूध अडकतं, म्हणाले, ढेकर नीट काढा.

मी ढेकर काढत होते. तिला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत होते, तोंडाने आमचं नेहमीचं चाललं होतं, कोण गं माझं माकड, कोण गं माझं साखरेचं पोतं. तिने आचका दिला. खांद्यावर काहीतरी पडलं. दुधाची गुळणी ऊन असते. हे गार होतं. दाट, पिवळसर, तार धरणारं. बोटाने काढायला गेले तर ते लांबत आलं, तुटेचना. दुसरं टोक अजून तिच्या ओठांत होतं.

त्याला पेपरमिंटचा वास होता.

माझ्या दुधाशिवाय तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी ते दुपटं धुतलं नाही. पिशवीत गुंडाळून खाली टाकून आले. परत आले तर ती माझ्याकडे बघून हसली, हिरड्या चकाकत होत्या. मला तिचा पापा घेववला नाही. आपल्याच लेकीची शिसारी येणं काय असतं, ते मी इथे लिहू शकणार नाही. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि मोरीत जाऊन ओकले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. बाबांनी जवळ घेतलं असेल, वास लागला असेल, तो म्हणाला. मी म्हटलं, वास कपड्याला लागतो, पोटातल्याला नाही. "अगं, दिवसभर खोकले ऐकल्यावर तुला कुकरसुद्धा दम्याचा पेशंट वाटेल," असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. तो वाईट नाही. त्याला ऐकू आलं नव्हतं, इतकंच.

मला ऐकू आलं ते कामात. उपचारानंतर बाबांना पुन्हा रेकॉर्डर लावला होता. मुद्रणांवर नावं नसतात. घरच्याचं असेल तर ते परत पाठवायचं असा नियम आहे. आपला फ्रिज आणि आपल्याच चपलांची फटफट मी लगेच ओळखली. मी ते परत पाठवलं नाही.

बाबांचा श्वास. गोळी दातांवर आपटल्याचा टिचका. मग उबळ चढताना घशातलं ते ओलं हलणं. ओठ मिटले. गिळण्याचा आवाज. नाकाने श्वास.

शांतता.

मग जरा लांबून दोन कोरडे ठोके. लांब ओली खरवड. आणि "हं".

बारीक, तान्ह्या घशातलं.

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुढची उबळ, तिच्या पुढची. दर वेळी आधी इकडे गिळणं आणि मग तिकडे खोकला. त्या प्रत्येक खोकल्यावर संगणकाने पेशंटचीच, म्हणजे बाबांचीच, खूण केली होती. संगणक आवाज बारीक की मोठा हे बघत नाही, त्याची घडण बघतो.

मी बाईंना फोन केला. बाबांनी कुठली वस्तू निवडली आहे, हे त्यांनी आधी विचारलं. मी सांगितलं. पलीकडे फक्त टाकीतले बुडबुडे ऐकू येत राहिले.

"न हलणारी म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"ती झोपलेली असते तेव्हा, हलत नाही."

"वस्तू म्हटलं होतं."

आता काय करू, मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, ती जागी असताना तुमच्याकडे टक लावून बघते का? मी म्हटलं, कुठलं बाळ आपल्या आईकडे बघत नाही? त्या बरं म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मी ठकूला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं, दार लोटलं आणि बाबांसमोर स्टूल ओढून बसले.

"बाबा, खोका."

ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. तोंड उघडलं, जोर लावला. नुसती हवा आली. लहान मुलासारखे ओशाळले. म्हणाले, येतच नाही गं आता.

थोड्या वेळाने उबळ आपली आपण आली. घाटी वर चढताना मला दिसली. मी त्यांचे डोळे तळहाताने झाकले. सुनेने असं करू नये, पण केलं. त्यांच्या पापण्या माझ्या हाताखाली फडफडत होत्या, ओल्या. चेहरा जांभळा झाला. दाराकडे त्यांची पाठ होती. तरी मान हळूहळू वळली, मागे, लोटलेल्या दाराकडे. पाळणा कुठे आहे ते त्यांना न बघताही ठाऊक होतं.

त्यांनी गिळलं.

आत दोन ठोके वाजले.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "इथून पुढे माझ्याकडे. तिच्याकडे नाही."

"नको," बाबा म्हणाले. "तू तिला अंगावर पाजतेस. फिरून तिच्याकडेच जाईल."

मला ते कळायला क्षण गेला. नंतर सगळंच कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी खिशातून गोळी काढली, कागद सोडवला, तोंडात टाकली.

"झोप लागत होती गं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी."

त्याच संध्याकाळी नवरा त्यांना दादाकडे सोडून आला. काय झालं ते मी सांगितलं नाही. दमले आहे, एवढंच म्हटलं. बाबांनी निघताना ठकूकडे पाहिलं नाही. मोठ्या माणसाला करावा तसा तिला हात जोडून नमस्कार केला आणि गेले.

तिकडून त्यांचा फोन येतो. खणखणीत आवाज. खोकल्याचं नावही नाही म्हणतात. ठकू कशी आहे, ते विचारत नाहीत.

ठकू छान आहे. ते गेल्यापासून एकदाही खोकली नाही. डॉक्टर म्हणाले, बघा, काळजी करत होतात. वजन वाढलंय, मांड्यांना वळ्या पडल्यात. मी तिचे पापे घेते, पुन्हा घेऊ शकते. तळपाय, पोट, मानेची घडी. तिथे दुधाचा आंबूस वास येतो. तो मला फार आवडतो.

आज दुपारी पाजत होते. हेडफोन बाजूला ठेवले होते. ती चुरूचुरू पीत होती, मूठ माझ्या गळ्यातल्या साखळीत अडकवून. मध्येच थांबली.

तिच्या घशात काहीतरी ओलं हललं.

मी तिला उचलणार होते. पण ती खोकली नाही. तिने ओठ मिटले. गिळलं. नाकाने सावकाश, लांब श्वास घेतला.

आणि माझ्याकडे बघत राहिली. पापणी न लववता, माझ्या तोंडावरच्या एका जागेकडे.

माझ्या जिभेवर पेपरमिंटची चव आली.

घशाशी काहीतरी चढत होतं, गार, तार धरणारं. मान फिरवली असती तर कदाचित ते परत गेलं असतं.

मी मान फिरवली नाही. "बघ हं राणी," मी म्हटलं, "आईकडेच बघ."